कंडक्टरकाकांना विचारा : दत्तजयंतीची भरती आणि हिवाळी पाखरं

मार्गशीर्ष लागला की या सदराला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी बाल्कनीतला बुलबुल आणि गच्चीवरची कबुतरं. थंडी पडली की सगळ्यांना समुद्र आठवतो. नव्या वाचकांसाठी एकदा सांगून टाकतो. मी पक्षीशास्त्रज्ञ नव्हे, एस.टी.त वाहक होतो. कोल्हापूर-वेंगुर्ला मुक्कामी गाडीवर बरीच वर्षं गेली. रात्री गाडीतच झोपायचं, साडेआठला परत निघायचं, त्याआधीचे दोन तास बंदरावर. जे काय शिकलो ते त्या दोन तासांत.

प्रश्न : काका, गेल्या वर्षी दत्तजयंतीला आम्ही तीन घरची माणसं खास पक्षी बघायला वेंगुर्ल्याला गेलो. पहाटे निघून अकराला किनाऱ्यावर पोचलो. संध्याकाळपर्यंत बसलो. घारी, कावळे आणि दोन बगळे, एवढंच दिसलं. आमचं चुकलं कुठं? – एक शिक्षिका, इचलकरंजी

ताई, दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीला जायचं सोडून वेंगुर्ल्याला गेलात इथंच चुकलं, असं आमची आई म्हणाली असती. पण खरं उत्तरही त्या दत्तजयंतीतच आहे. दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. आणि पौर्णिमेला अकराच्या सुमारास कोकणात ऐन भरती असते, तीही उधाणाची. तुम्ही पोचलात तेव्हा पाखरांचं जेवणाचं ताटच पाण्याखाली गेलं होतं.

कोकणातली म्हातारी माणसं बोटावर हिशोब करतात, तो शिकून घ्या. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा. येईल तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती. रोज ही वेळ पाऊण-एक तासानं पुढं सरकते, कारण चंद्रच रोज तेवढा उशिरा उगवतो. अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होतं, पण भिंतीवरचं कॅलेंडर बघून सहल ठरवायला एवढं पुरे. आमच्या गाडीपेक्षा समुद्र वेळेचा पक्का, एवढं मी खात्रीनं सांगतो.

आता पाखरांच्या बाजूनं बघा. चिखल्या, टिलवा, तुतवार, करल्यू ही सगळी मंडळी ओल्या वाळूतले आणि चिखलातले किडे, शिंपले, खेकडे टिपतात. ओहोटीला पट्टा उघडा पडला की ती लांबवर पांगतात. तुम्हाला ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की पट्टा अरुंद होतो आणि तीच पाखरं पाण्यासोबत मागं सरकत तुमच्या पायाशी येतात. ऐन भरतीला ती उडून आत कुठंतरी विसाव्याला जातात. म्हणजे मौका कुठला? चढत्या पाण्याचे दोन-तीन तास. त्रयोदशीपासून द्वितीयेपर्यंतच्या दिवसांत ते बरोबर सकाळी पडतात. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळं सकाळी ऊन पाठीवर असतं आणि पाखरांचे रंग स्वच्छ दिसतात. तुम्ही संध्याकाळी पाचला ओहोटी गाठलीत, पण तेव्हा सूर्य थेट डोळ्यात, आणि वाळूवर सुट्टीची गर्दी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. तेव्हा मी समुद्राच्या भानगडीत पडत नाही.

तर यंदा असं करा. आदल्या दिवशी दुपारी निघा. निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ला. आंबोलीत चहा घ्या आणि लवकर उतरा, कारण घाटातलं धुकं कुणाचं ऐकत नाही. मुक्काम वेंगुर्ल्याला. सकाळी सातला बंदराजवळच्या दीपगृहाच्या टेकडीवर. समुद्रात घुसलेलं हे भूशिर म्हणजे आमची फुकटची गॅलरी. खालच्या खडकांवर समुद्री बगळा शोधा. एकच जात, पण काही पाखरं पाटीसारखी राखाडी तर काही पांढरीशुभ्र. पहिल्यांदा बघणारा हमखास दोन जाती लिहितो, मीही लिहिल्या होत्या. खडकांवर सुरय, म्हणजे इंग्रजीतले टर्न, ओळीनं बसलेले असतात. चोच नारिंगी असेल तर तो लहान तुरेवाला, पिवळी असेल तर मोठा तुरेवाला. नशीब असेल तर कालवफोड्या दिसेल : काळा-पांढरा पक्षी, गाजरासारखी लालभडक लांब चोच. नावाप्रमाणं शिंपले फोडून खातो.

साडेआठला टेकडीवरून उतरा आणि वाळूवर या. कुठं रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर तिथंच थांबा. जाळं काठाला लागायला आलं की कुरव (लोक सीगल म्हणतात ते), घारी, सुरय सगळे डोक्यावर जमतात. एवढ्या जवळून दुसरीकडं कुठं बघायला मिळत नाहीत. लाटेच्या कडेला चावी दिलेल्या खेळण्यासारखी पळणारी फिकट पांढरी पाखरं दिसली तर ती सँडरलिंग. लाट मागं गेली की तिच्यामागं धावायचं, लाट आली की पाय न भिजता परत. यांना मागचं बोटच नसतं. मुलांना हे सांगा, पुढचा अर्धा तास ती तुम्हाला त्रास देणार नाहीत.

भरती पुरती चढली की गाडी काढा आणि आरवलीवरून शिरोड्याला जा. वाटेत वेतोबाला नमस्कार करा आणि मुलांना त्याला वाहिलेल्या भल्यामोठ्या चपला दाखवा. शिरोड्याची मिठागरं म्हणजे १९३० साली जिथं मिठाचा सत्याग्रह झाला तीच. दत्तजयंतीला तुम्ही ज्यांची वाट बघत होता ती पाखरं बहुतेक अशाच जागी असणार! समुद्र भरलेला असतो तेव्हा मिठागरांच्या आणि खाजणांच्या उथळ पाण्यात ती एका पायावर उभी राहून डुलक्या काढतात. शेकाट्याचे गुलाबी पाय लांबूनच ओळखू येतात. लाल पायांचा रेडशँक हा तिथला राखणदार. तुम्ही बांधावर पाऊल टाकलं की पहिली बोंब त्याची. मिठागर ही कुणाची तरी शेती आहे, तेव्हा विचारल्याशिवाय बांधावर चढू नका.

वेळ उरला तर वेंगुर्ल्यातच मांडवीची खाडी आहे. तिथं महिला बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. खंड्यांसाठी तरी जाच.

प्रश्न : मालवणला काढलेला फोटो ग्रुपवर टाकला, तर सगळे म्हणाले 'काळ्या डोक्याचा कुरव'. पण फोटोत डोकं पांढरं आहे! आम्हाला येड्यात काढतायत का? – एक कॉलेज विद्यार्थी, कोल्हापूर

नाही भावा, येड्यात नाव ठेवणाऱ्यानं काढलंय. काळं डोकं हा त्याचा विणीच्या हंगामातला थाट. लग्नात फेटा बांधतो तसा. आपल्याकडं तो हिवाळ्यात येतो, तेव्हा फेटा उतरवलेला असतो आणि कानामागं फक्त शाईचा डाग राहिल्यासारखा ठिपका दिसतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचंही तसंच. दोघांत फरक करायचा तर उडताना पंख बघ. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी असते. तपकिरी डोक्याच्याचं पंखाचं टोक चांगलं रुंद काळं आणि त्यात पांढरे ठिपके. शिवाय तो अंगानं थोराड, आणि मोठा झाला की डोळा फिकट, त्यामुळं नजर जरा रागीट वाटते. तुझ्या फोटोत पांढरे ठिपके स्पष्ट आहेत, म्हणजे ग्रुपवाले चुकले. तो तपकिरी डोक्याचा, तिबेटच्या पठारावरच्या तळ्यांत अंडी घालणारा. मार्चअखेर परत जा, काहींनी फेटे बांधायला सुरुवात केलेली असेल.

आणि तेवढं 'सीगल, सीगल' करू नकोस. कुरव हा साधा-सुटसुटीत शब्द आहे.

प्रश्न : दुर्बीण १० पटीची घ्यावी की ८ पटीची? – सांगली

८ बाय ४२, म्हणजे आठ पटीची आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. दीपगृहाच्या टेकडीवर वारा असा असतो की दहा पटीत पाखरू कमी आणि स्वतःच्या हाताची थरथर जास्त दिसते. समुद्रावरून आल्यावर दुर्बीण कोरड्या रुमालानं पुसू नका. मीठ काचेवर घासलं जातं. आधी गोड्या पाण्यात पिळलेलं मऊ फडकं, मग कोरडं.

प्रश्न : माझं वय ७८. गुडघे गेलेत, आंबोली घाटाची वळणं आता सोसत नाहीत. आमच्या नशिबी हिवाळी पाहुणे नाहीतच का? – शिवाजी पेठ, कोल्हापूर

आबा, पाहुणे तुमच्या दारात आहेत. नातवाला म्हणा सकाळी साडेसातला पंचगंगेच्या घाटावर सोड. पायरीच्या कडेला शेपूट सतत वरखाली करत चालणारं, तपकिरी पाठीचं आणि पांढऱ्या पोटाचं एकटं पाखरू दिसेल. तो तुतवार. उडाला की पंख ताठ धरून, पाण्याला चिकटून, फडफड-थांब-फडफड करत जातो. वेंगुर्ल्याच्या खडकांवर मी जो बघायचो तोच हा. हिमालय आणि त्याच्या पलीकडून येतो, आणि खारं पाणी हवं की गोडं याबद्दल त्याची काही अट नाही.

रंकाळ्याला बाकावर बसून वारकरी बघा. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा; ज्यानं हे नाव ठेवलं त्याला माझा दंडवत. कळंब्याला बदकं असतात. उसाला पाणी पाजतात तिथं धोबी पक्षी उतरतात, पिवळेही आणि पांढरेही. आणि बाकाच्या बाबतीत एक सांगतो : मी पन्नास किलोमीटर फिरून जेवढं बघितलं, त्याहून जास्त एका जागी बसून बघितलंय. गुडघ्याचं फार मनावर घेऊ नका.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधले काही जण उडतानाचे फोटो मिळावेत म्हणून थव्याकडं पळत जातात, टाळ्या वाजवतात. मी बोललो तर म्हणतात, 'दोन मिनिटांत परत बसतात की, काय बिघडतंय?' – गडहिंग्लज

बिघडतं. टिलव्याचं वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहात टाकायच्या साखरेच्या चार-पाच चमच्यांएवढं. हा जीव सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून इथवर येतो आणि वसंतात तेवढंच अंतर परत जातो. परतीसाठी अंगात चरबी साठवायची ती इथल्या चिखलातून. खायला मिळतं ते ओहोटीचे काही तास, उरलेल्या वेळात विसावा. भरतीला विसाव्यावरून उठवलं तर दुसरी जागा शोधत तो पाण्यावर घिरट्या घालतो, आणि मिळवलेलं तिथंच जळतं. दिवसातून एकदा कुणी तरी उठवलं तर एक वेळ चालेल. पण सुट्टीच्या दिवशी तुमच्यासारखे दहा ग्रुप येतात, प्रत्येकाची 'दोन मिनिटं'.

मी साधुसंत नव्हतो. उमेदीत एकदा मिठागराच्या बांधावरून थव्यावर पळालो होतो, सोबतच्या ड्रायव्हरला गंमत दाखवायला. मिठागराच्या म्हाताऱ्या कामगारानं हाक मारून विचारलं, "तुझी गाडी रात्रीची मुक्कामाला लागल्यावर कुणी दर तासाला येऊन दार बडवलं तर?" मला उत्तर सुचलं नाही. तुमच्या मित्रांना हाच प्रश्न विचारा.

फोटो हवा असेल तर चढत्या पाण्याच्या आधी जाऊन खाली बसा. उभ्या माणसाला पाखरं भितात, बसलेल्याला खडक समजतात. मग ती आपणहून येतात. फक्त घड्याळाकडं लक्ष ठेवा. मी एकदा असाच बसलो असताना मच्छीमार घार, म्हणजे ऑस्प्रे, समोरच पाण्यात पाय पुढं करून कोसळली आणि मासा घेऊन उठली. मासा पंजात धरताना त्याचं तोंड पुढं करून घेते, वारा कापायला. ते बघता बघता साडेआठची गाडी आठ सत्तेचाळीसला सुटली, आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला. कारणाच्या रकान्यात 'पोटदुखी' लिहिलं.

प्रश्न : किनाऱ्यावरच्या एका छोट्या पाखराच्या पायात रंगीत पट्टी होती. कुणी पाळलेलं असेल का? – कागल

नाही. अभ्यासकांनी धरून, वजन-मापं घेऊन, पट्टी लावून सोडलेलं आहे. पट्टी कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, रंग कुठला, दोन असतील तर वरचा आधी लिहा, अक्षरं वाचता आली तर उत्तमच. तारीख आणि जागेसकट मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. १८८३ पासूनची संस्था आहे, पाखरं कुठून कुठं जातात हे शोधायला पट्ट्या लावायचं काम ते करतात. धरायला मात्र जाऊ नका.

दुरुस्ती : गेल्या अंकात मी सँड प्लोव्हरच्या (प्लोव्हर म्हणजे चिखल्या) मानेमागं पांढरी कॉलर असते असं लिहिलं. चूक. कॉलर असते ती केंटिश प्लोव्हरला. सँड प्लोव्हरची मान मागून सलग तपकिरी. शिरोळच्या सातवीतल्या मुलीनं पत्र पाठवून कान धरला, सोबत वाडीच्या नदीपात्रात बघितलेल्या 'केंटिश'चं चित्रही काढून पाठवलं. चित्र सुरेख आहे. पण बाळ, तू पाय पिवळे रंगवलेयस, आणि छातीवर काळा पट्टा पूर्ण गोल काढलायस. केंटिशचे पाय काळपट, आणि त्याचा पट्टा मध्येच तुटलेला असतो. रविवारी परत जा, डोळ्याभोवती पिवळी कडी आहे का बघ. असेल तर तो कंठेरी चिखल्या. मला पोस्टकार्डानं कळव.