इंटरकूलरमध्ये ऑइल आलं म्हणजे टर्बो गेलाच का? टर्बो इंजिनात ब्रीदर नेमका काय करतो?

प्रश्न फोंड्याहून आहे. डिझेल गाडी, लाखभर किलोमीटर झालेली, चढावर निळसर धूर, इंटरकूलरच्या होजमध्ये ऑइल. गॅरेजवाला टर्बो बदला म्हणतोय. ब्रीदरचा याच्याशी काही संबंध असतो का?

असतो, आणि सगळ्यात आधी त्याचाच असतो. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, इंटरकूलर ती हवा थंड करतो, आणि ब्रीदर म्हणजे इंजिनाच्या आत साचणारा गॅस बाहेर काढणारी वाट. ब्रीदर तपासल्याशिवाय टर्बोचे पैसे देऊ नका.

मालीम जेटीवरून चोर्ला घाटाने बेळगावला मासळी नेणारी एक पिकअप होती. मासळी, बर्फ, क्रेट, गाडी कायम भरलेली. केरीच्या पुढे चढ लागला की मागे निळा धूर. एक टर्बो बदलला, महिन्याभरात तेच. दुसरा बदलला, चौथ्या दिवशी तेच. माझ्यापुढे आली तेव्हा टर्बो कोरा, पण काँप्रेसरचं, म्हणजे हवा दाबणारं चाक ऑइलने ओलं. टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावरून, टर्बोच्या आधीच्या एअर पाइपला जाणारा ब्रीदर होज मात्र नवा आणि गुबगुबीत दिसत होता. तो काढून मधोमध चिरला. बाहेरून 19 मिलिमीटरचा वाटणारा होज आतून इतका फुगला होता की भोकातून पेन्सिल जेमतेम गेली. मूळ होज कडक होऊन तडकला म्हणून कुणीतरी रेडिएटरचा होज कापून बसवला होता. पाण्याच्या होजचं रबर ऑइलची वाफ पिऊन आत सुजतं. तिथे ऑइल सोसणाराच होज लागतो.

आता त्याने टर्बो का ओकतो ते बघा. प्रत्येक फायरिंगला थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत उतरतो. हाच ब्लो-बाय. टर्बोमुळे सिलिंडरमधला दाब जास्त, म्हणून हा गॅसही जास्त, शिवाय टर्बोच्या सीलमधून निसटलेली हवा ऑइलच्या परतीच्या पाइपातून चेंबरमध्येच (खाली ऑइल साठतं तिथे) येते. हे सगळं ब्रीदरने बाहेर काढायचं असतं. टर्बोला ऑइल पंपाच्या दाबाने मिळतं, पण परत जातं ते फक्त स्वतःच्या वजनाने. परतीचा पाइप असतो जेमतेम वीतभर उंचीचा. त्या पिकअपच्या डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक ट्यूब जोडून ती केबिनमध्ये घेतली आणि भरल्या गाडीनिशी घाट चढवला, तर पाण्यात 30 सेंटिमीटरचा फरक पडला. गेजच्या भाषेत हे 30 मिलिबार, म्हणजे काहीच नाही. पण वीतभर ऑइल खाली उतरू न देण्यासाठी तेवढं पुरतं. खाली वाट नाही म्हणून ऑइल टर्बोत साचतं आणि सीलमधून दोन्हीकडे निघतं, इंटरकूलरमध्येही आणि सायलेन्सरमध्येही. होज बदलला, इंटरकूलर धुतला, धूर थांबला. दोन टर्बोंचे पैसे मात्र गेलेच.

आणि ते शाफ्ट हलवून दाखवणं. "बघा, हलतोय, गेला." बुश बेअरिंगच्या टर्बोचा शाफ्ट बंद इंजिनात आडवा थोडा हलणारच, कारण त्याला मधोमध धरणारी ऑइलची फिल्म तेव्हा नसते. बघायचं असतं ते मागेपुढे. ती चाल हाताला जवळजवळ लागताच कामा नये. आणि चाकाची पाती हाऊसिंगला घासल्याच्या खुणा आहेत का तेही बघा. दोन्ही ठीक असेल तर टर्बोला हात लावू नका. "ब्रीदर काय, साधी नळी आहे ती" असं म्हणणाऱ्या मेस्त्रीकडे टर्बोचं काम देऊच नये, हे माझं ठाम मत आहे.

पेट्रोल टर्बोत दोन वाटा असतात. आयडलला मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटणारा पाइप) व्हॅक्यूम असतो, तेव्हा पीसीव्ही व्हॉल्व्हमधून, म्हणजे क्रँककेसचा गॅस सोडणाऱ्या झडपेतून गॅस तिकडे जातो. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब आला की चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने सोडणारी झडप) ती वाट बंद करतो आणि गॅस टर्बोच्या आधीच्या पाइपात जातो. चेक व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर बूस्ट सरळ क्रँककेसमध्ये शिरतो. 1 बार बूस्ट म्हणजे पाण्याचा दहा मीटर उंच खांब. ऑइल सील बाहेर फेकलं जातं. डिझेलला सहसा दुसरी वाटच वापरतात. तिथली ओढ एअर फिल्टरवर अवलंबून असते. सावर्डे-कुडचडे भागात लाल धुळीने फिल्टर गच्च झाला की टर्बो ब्रीदरमधून जास्त ऑइल खेचतो. म्हणून आधी फिल्टर बघा.

तपासणी घरी होते. गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक ट्यूब तीन मीटर घ्या, यू आकारात वळवून निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक डिपस्टिकच्या नळीला रबराने घट्ट, दुसरं उघडं. पाण्याच्या वर इंजिनाकडे किमान मीटरभर मोकळी ट्यूब राहू दे, नाहीतर ओढ जास्त असली तर पाणी चेंबरमध्ये जाईल. आयडलला इंजिनाकडची बाजू किंचित वर असावी. जागेवर रेस करून काही कळत नाही, लोड हवा. चढावर नेताना ट्यूब दुसऱ्याने बघायची, चालवणाऱ्याने नाही. उघड्या टोकाकडे पाणी दहा सेंटिमीटर ढकललं जात असेल तर वाट अडली आहे किंवा रिंगा गेल्या आहेत. कोणतं ते कळायला ब्रीदर होज टॅपेट कव्हरवरून सोडून तीच फेरी मारा. ढकल गेली तर पुढची वाट चोंदली. राहिली तर सेपरेटर (गॅसमधून ऑइल वेगळं करणारा भाग) किंवा रिंगा, मग काँप्रेशन टेस्ट.

पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर दिसला की हेड गॅसकेट गेलं, कूलंट ऑइलमध्ये आलं असं लगेच म्हणू नका. म्हापसा ते पर्वरी एवढ्याच फेऱ्या मारणारी गाडी नीट तापत नाही, ब्लो-बायमधलं पाणी तिथेच थंड होतं. तोच थर ब्रीदरमध्येही साचतो. कूलंट कमी होत नसेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेला घ्या. बीएस-6 डिझेलला तर ते हवंच. डीपीएफची, म्हणजे सायलेन्सरमधल्या काजळीच्या फिल्टरची सफाई अर्धवट राहिली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं, लेव्हल चढते आणि ब्रीदरमधून फवारा वाढतो. डिपस्टिकवर मॅक्सच्या वर ऑइल असेल तर आधी ते बदला.

होजमध्ये नुसती ऑइलची पुसट ओल असेल तर ते नॉर्मल आहे, थेंब गळायला लागले तर नाही. काही नव्या गाड्यांत सेपरेटर आणि डायफ्राम टॅपेट कव्हरमध्येच असतात, साफ होत नाहीत, अख्खं कव्हर बदलावं लागतं. दाबाचे आकडेही अशा गाड्यांत वेगळे असतात, मॅन्युअलमधले धरा. ब्रीदर उघड्यावर सोडणं किंवा बाजारातला रिकामा कॅच कॅन (ब्रीदरमधलं ऑइल पकडायचा डबा) लावणं हा इलाज नाही. आत जाळी-पडदे नसलेला कॅन ऑइल अडवतच नाही.

आणि इंटरकूलर उतरवून आतलं ऑइल काढल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका. साचलेलं ऑइल एकदम इंजिनात गेलं तर डिझेल इंजिन त्याच्यावरच पळत सुटतं, चावी बंद करून थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबा, वरचा गिअर टाका, क्लच सोडून इंजिन बंद पाडा. हवा अडवायला एअर पाइपावर हात ठेवू नका.