घरून आलेलं उत्तर

फोंडा, गोवा
श्रावण, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. वेर्ण्याजवळच्या शाळेत सातवीचा वर्ग मिळाल्याचं वाचून आनंद झाला. निम्म्या मुलांच्या घरी कोकणी, बाकीच्यांच्या घरी मराठी, कन्नड, हिंदी, उर्दू आणि एकाच्या घरी ओडिया. शाळेने तुझ्यावर 'विविधता दिन' सोपवलाय आणि तू विचारतेस, वेशभूषा, खाद्यपदार्थ आणि नाच यांच्यापलीकडे काय करता येईल?

दिन जरूर कर. मुलांना नटायला आवडतं, आयांना डबे भरून पाठवायला आवडतं, त्यात वाईट काही नाही. पण बी.एड.ला आपण जेम्स बँक्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाच्या चार पायऱ्या शिकलो होतो, त्या आठव. पहिलीवर सण, पदार्थ आणि थोर माणसं. दुसरीवर जुन्या अभ्यासक्रमाला जोडलेला एखादा जादा पाठ. तिसरीवर पाठच वेगवेगळ्या लोकांच्या नजरेने बघायचा. चौथीवर मुलं शिकलेल्यातून स्वतः काही ठरवतात, करतात. आपल्या बहुतेक शाळा पहिल्या पायरीवरच थांबतात. दुसऱ्या दिवशी साड्या आणि फेटे परत जातात आणि फळ्यावरचा धडा जिथे होता तिथूनच पुढे सुरू होतो.

मला स्वतःला हे कळायला बरीच वर्षं लागली. नोकरीच्या सुरुवातीला मी पाचवीला मराठी शिकवत होते. 'माझा आवडता सण' हा निबंध दिला. वर्गात एक ख्रिस्ती मुलगी होती, शांत, अक्षर सुंदर. तिने सांजांवावर, म्हणजे त्यांच्या पावसाळ्यातल्या सणावर लिहिलं. बाबा डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून बांयत उडी मारता, आजी हळदीच्या पानांत पातोळ्यो करता, घुमट वाजता, पाऊस पडता. एवढंच होतं, पण अख्खं घर त्यात होतं. मी तांबडं पेन घेतलं. 'बांय' खोडून 'विहीर' केलं, 'करता' खोडून 'करतात', 'पातोळ्यो' खोडून 'पातोळ्या'. दहापैकी तीन गुण दिले. सहामाहीला तोच निबंध पुन्हा आला. तिने दिवाळीवर लिहिलं: अभ्यंगस्नान, आकाशकंदील, फराळ, सगळं गाईडमधलं, एकही चूक नाही. मी आठ गुण दिले. त्या तिनापेक्षा त्या आठाचा मला आज जास्त त्रास होतो.

म्हणून बाय, तुला सांगायचं आहे ते एकच. मूल घरून जे घेऊन येतं, ते तुझ्या वर्गात उत्तर म्हणून चालतं का, हे रोज बघ. आठवड्याचं टाचण लिहिताना प्रत्येक पाठापुढे हा प्रश्न पेन्सिलीने लिहून ठेव.

भाषेचंच घे. 'विहीर' शब्द आला की फळ्यावर 'विहीर' लिही, शेजारी 'बांय' लिही, मग कर्नाटकातून आलेल्या मुलाला विचार. तो 'बावि' म्हणेल. हिंदीवाला 'कुआँ' सांगेल. ओडिया मुलाला विचारायला विसरू नकोस, तो एकटा आहे म्हणून त्याच्यावरच आधी नजर टाकायची सवय ठेव. 'बांय' आणि 'बावि' कानाला किती जवळची वाटतात, हे मुलांनाच म्हणू दे. यात पाच मिनिटं जातात. परीक्षेत 'विहीर'च लिहायचं आहे, हेही त्यांना स्पष्ट सांग. प्रमाण मराठी शिकवणं तुझं कामच आहे. पण ती शिकवायला घरची भाषा खोडावी लागत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही, शक्य असेल तिथवर शिक्षणाचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी, असं म्हटलं आहे. तुझ्या वर्गात सहा माध्यमं काही होणार नाहीत, पण सहा भाषांना कान देणं नक्कीच होईल.

कोकणी-मराठीचा वाद मात्र वर्गात आणू नकोस. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या सरकारी वापरालाही जागा ठेवली. त्यावर मोठ्यांची भांडणं अजून संपलेली नाहीत. रोमी, म्हणजे रोमन लिपीत कोकणी वाचणाऱ्या आईचं मूल तुझ्यासमोर बसलं असेल. त्याला कुणाच्या तरी बाजूचं करू नकोस. आईने रोमीत लिहिलेली एखादी ओळ त्याने वर्गात वाचून दाखवली, तर ते वाचनच आहे.

आता तू लिहिलेल्या त्या प्रसंगाकडे येते. मधल्या सुट्टीत एका मुलाला दुसरे 'घाटी' म्हणाले, आणि तू सगळ्या वर्गाला अर्धा तास समजावलंस. तुझी तळमळ मला कळते. पण अशा समजावण्यात तो मुलगा अर्धा तास सगळ्यांच्या नजरेखाली बसून राहतो. चिडवणाऱ्यांना बाजूला घेऊन, नाव घेऊन, कडक शब्दांत सांग. आणि वर्गात दुसरं काम सुरू कर.

एक नकाशा टांग. कोकण किनारा, कर्नाटक, मुंबई, आखात, पोर्तुगाल, सगळं मावेल असा. मुलांनी घरी आजी-आजोबांना विचारायचं: आपल्या घरातलं कोण कुठून आलं, कोण कुठे गेलं? प्रत्येकाचा एक दोरा. सुरुवात तू कर, आणि सुरुवात देवांपासून कर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून आणि म्हाळसा तुझ्या शाळेजवळच्या वेर्ण्याहून निघून इथे अंत्रुजात, म्हणजे आपल्या फोंड्याच्या भागात आली. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ. माझ्या घरापासून ही तिन्ही देवस्थानं जवळ आहेत, आणि लहानपणी मला वाटायचं की ती इथे कायमचीच आहेत. पुढचे दोरे मुलं आणतील. कुणाचे पूर्वज मंगळूरकडे गेलेले. कुणाचा आजोबा तारवटी, बोटीवर जाण्याआधी मुंबईत धोबीतलावला आपल्या गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या वसतिगृहात उतरणारा. कुणाचा काका कुवेतला, कुणाची मावशी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला. आणि कुणाचे आईबाप बागलकोटहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेले. दोरे लागले की तो नकाशा महिनाभर काढू नकोस. ज्या वेर्ण्याहून देवी निघाली, त्याच वेर्ण्यात आज माणसं येतात, हे मुलांना दिसेल. तू बोलून दाखवू नकोस. कुणी बोललं, तर त्याचं बोलणं पूर्ण होऊ दे.

आता घुमट. विज्ञानात ध्वनीचा पाठ आला की घुमट हे आपलं वाद्य आण. मातीचं मडकं, दोन तोंडं, मोठ्या तोंडावर चामडं, लहान उघडं. एका हाताने थाप द्यायची आणि दुसऱ्या हाताचा तळवा उघड्या तोंडावर कमी-जास्त करत नाद बदलायचा. कंप, पडद्याचा ताण, पोकळीतल्या हवेचा नाद, सगळं एकाच वस्तूत. मग विचार, हे कुणाच्या घरी वाजतं? चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आरतीला शामेळ ढोल आणि कासाळ्या झांजांबरोबर वाजतं असं हिंदू मुलं म्हणतील. मांडो या नाचगाण्याला वाजतं असं ख्रिस्ती मुलं म्हणतील. आणि मग एखादं मूल विचारेल की चामडं कशाचं? पूर्वी घोरपडीचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आता बकरीचं लावतात. नादात फरक पडतो का, यावर मुलांना भांडू दे. परंपरा आणि कायदा एकमेकांसमोर आले की काय करायचं, हे ठरवणं म्हणजे ती चौथी पायरी, आणि ती सातवीतली मुलं चढतात, मी पाहिलं आहे. 2019 मध्ये सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला, हेही सांग. पण ते शेवटी सांग, नाहीतर चर्चा आधीच मिटेल.

गटकार्याबद्दल तू लिहिलंस की हुशार मुलंच सगळं करतात आणि बाकीची बघत बसतात. त्यावर उपाय आहे. 1971 साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि भांडणं सुरू झाली. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने पाठाचे तुकडे केले. प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा, आणि सगळे जोडल्याशिवाय गटाचं काम पुरं होत नाही. त्याआधी 1954 मध्ये गॉर्डन ऑलपोर्टने लिहिलं होतं की नुसतं शेजारी बसवून पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, एकमेकांची गरज हवी आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. वर्गात वरचं माणूस म्हणजे तूच.

मी हे खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या पाठाला केलं होतं. बांध, मानस (पाण्याचं दार), कोरगुट भात (खाऱ्या जमिनीतला), सुंगटं (कोळंबी) आणि मिठागर असे पाच तुकडे. बांधाचा तुकडा मुद्दाम एका गवंड्याच्या मुलाला दिला. त्यालाही वर्गात 'घाटी' म्हणत. पुस्तकातला परिच्छेद त्याला नीट वाचता येत नव्हता, तेव्हा शेजारच्या मुलीने वाचून दाखवला. मग त्याने पाटीवर बांध काढला, खाली रुंद, वर अरुंद, आणि म्हणाला, "खाल पाणी जास्त ढकलता." बाबा भिंतीचा पाया असाच रुंद घेतात, म्हणाला. दाब खोलीबरोबर वाढतो हे वाक्य विज्ञानाच्या पुस्तकात होतं, आणि तोवर वर्गातल्या कुणालाच ते खरं वाटलं नव्हतं. पुढच्या तासाला मुलं त्याला नावाने हाक मारू लागली. सगळं बदललं असं म्हणणार नाही. पण नावाने हाक मारू लागली.

काही गोष्टी थोडक्यात सांगते. हजेरी घेताना नाव मुलाला विचारून बरोबर उच्चार, कठीण नावाचं सोपं टोपणनाव करू नकोस. पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी ठेवलीस तर रोजंदारीवरचे आईबाप येणार नाहीत. रविवार संध्याकाळ बघ, चर्चमधली मिस्सा सकाळी आटोपलेली असते. कोणत्याही मोठ्या सणाच्या दुसऱ्या दिवशी चाचणी लावू नकोस, आणि ईद चंद्रावर ठरते हे लक्षात ठेव. रमझानात उपास धरणाऱ्या मुलाला मैदानावर पळायला लावू नकोस. सकाळच्या प्रार्थनेबद्दल विचारलंस. संविधानाच्या 28 व्या कलमाप्रमाणे सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेतही त्यासाठी सक्ती करता येत नाही. धर्मांविषयी शिकवणं वेगळं, तो तुझा अधिकार आहे. डब्यांचा प्रश्न आला तर मुलांनाच बोलू दे. श्रावणात कुणाकडे मासळी बंद, कोरेज्मात, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, कुणाकडे मांस बंद, रमझानात कुणाकडे दिवसभर पाणीही बंद. आपल्या घरी काहीतरी सोडतात, तसं शेजाऱ्याकडेही सोडतात, हे मुलं एकमेकांना अगदी उत्साहाने सांगतात.

तुझ्या भावाने कॉलेजात मराठी शिकवताना काय करावं, हेही विचारलंस. तिथे अडचण वेगळी आहे. मुलं मोठी असतात, कॅन्टीनमध्ये आपापल्या भाषेचे गट करून बसतात, आणि मराठी आपल्या जातीची, धर्माची आहे असं मनात पक्कं झालेलं असतं. त्याला सांग, सत्र सुरू करताना फादर स्टीफन्सपासून कर. 1579 मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट, त्याचं मराठी ओवीतलं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. वर्गातला ख्रिस्ती मुलगा तोवर मराठीच्या तासाला पाहुण्यासारखा बसलेला असतो. ही मराठी कुणाची, हा प्रश्न त्याने विद्यार्थ्यांपुढे ठेवावा आणि पहिले दोन आठवडे स्वतः उत्तर देऊ नये. शिवाय प्रकल्प म्हणून आपल्याच घराच्या स्थलांतराची मुलाखत, टेपवर घेऊन, लिहून काढून. गुण घरच्या माणसाच्या शब्दांना द्यावेत, अलंकारिक भाषेला नव्हे.

घुमटाचं विसरू नकोस. माझ्याकडे डिचोलीच्या मडक्याचं एक आहे, चामडं नुकतंच नवीन लावून घेतलंय. चवथीत आम्हाला घरी लागेल, त्याच्या आधी एखाद्या शनिवारी ये आणि घेऊन जा. पावसाची ओल लागू देऊ नकोस, नाहीतर नाद बसतो. वर्गात नेण्याआधी थोडं चुलीजवळ शेकव. आणि तो ओडिया मुलगा विहिरीला काय म्हणतो ते मला कळव.

तुझी,
बाई