चतुर्थीला माजघरात कोणता सिनेमा लावावा

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोहोचले. चतुर्थीला मुंबईहून येणारी चुलतभावंडे आपापल्या मोबाइलवर सिनेमे बघत बसतात, आजी मात्र म्हणते की बघायचा तर माजघरात सगळ्यांनी मिळून बघा, नाहीतर बंद करा. ही रीत आपल्याकडे कुठून आली, असे तू विचारले आहेस. तुला आवडतात ते अंतराळयानांचे आणि यंत्रमानवांचे सिनेमे आजीला बरोबर घेऊन बघता येतील का, असेही त्याच पत्रात विचारले आहेस. मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात, म्हणून उत्तरही एकत्रच लिहितो.

आपल्या देवगड-मालवण भागात सिनेमा पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून लोक रात्र जागून दशावतार बघत आले आहेत. देवळाच्या जत्रेत मध्यरात्रीनंतर खेळ उभा राहतो, पेटी आणि पखवाज लागतात, आणि तान्ह्या बाळापासून काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळा गाव एकाच ठिकाणी बसतो. मुलांसाठी वेगळा खेळ आणि मोठ्यांसाठी वेगळा, अशी वाटणी तिथे कधीच नव्हती. त्याच एका आख्यानात मुलांना लढाई मिळते, म्हाताऱ्यांना देव-दानवांचा वादविवाद मिळतो आणि गाण्याचा कान असलेल्यांना पदे मिळतात. संवाद लिहून ठेवलेले नसल्यामुळे नट समोरच्या माणसांकडे बघून बोलतात, म्हणजे प्रेक्षकांत कोण कोण बसले आहे यावर खेळ रंगतो. काळा मुखवटा घातलेला, लाल जीभ बाहेर काढलेला संकासूर जेव्हा मुलांच्या अंगावर धावून जातो, तेव्हा मुले किंचाळतात आणि शेजारच्या मांडीत तोंड लपवतात; थोड्या वेळाने तोच संकासूर मालवणीत बोलून सगळ्यांना हसवतो. भीती वाटली तर धरायला हात जवळ हवा, ही समज त्या बसण्यातच आहे. आजी माजघरात सगळ्यांना बोलावते ते या सवयीतून. तिला सिनेमा आवडत नाही असे नाही. एकट्याने बघणे तिला अर्धवट वाटते, आणि या बाबतीत मी पूर्णपणे तिच्या बाजूचा आहे.

आता विज्ञानपटांविषयी. मी चित्रपटांचा अभ्यासक नाही, कामावरून परतल्यावर हौसेने बघणारा साधा प्रेक्षक आहे. परंतु इतक्या वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे, ते असे की चार पिढ्यांनी एकत्र बघायला विज्ञानपटाइतका योग्य प्रकार दुसरा नाही. कौटुंबिक सिनेमात मोठ्यांना सगळे आधीच ठाऊक असते, त्यामुळे मुलांना सारखे समजावून सांगावे लागते किंवा गप्प करावे लागते. परग्रहावरून आलेला प्राणी मात्र आजीलाही तितकाच अनोळखी असतो जितका तुझ्या धाकट्या भावाला. तो काय खातो, त्याला बोलता येते का, तो चांगला की वाईट, हे प्रश्न दोघांना एकाच क्षणी पडतात, आणि घरातल्या सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान माणसाने एकाच पायरीवर बसावे असा प्रसंग एरवी फार थोडा येतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा १९८२ सालचा ‘ई.टी.’. पृथ्वीवर चुकून मागे राहिलेल्या एका परग्रहवासीयाला एक दहा वर्षांचा मुलगा घरात लपवून ठेवतो, एवढीच त्याची गोष्ट. कॅमेरा बहुतेक वेळ मुलाच्या उंचीवर ठेवलेला आहे, आणि आई सोडली तर मोठ्या माणसांचे चेहरे बराच काळ दिसतच नाहीत. त्यामुळे बघणाराही नकळत मुलाएवढा होतो. तो मुलगा पाहुण्याला गोळ्यांची माळ टाकत टाकत घरापर्यंत आणतो. आजीसोबत हा सिनेमा बघताना तिने पहिल्यांदा काय विचारले ते मला चांगले आठवते: ‘ह्येका कोणी जेवूक घातल्यान की नाय?’ परग्रहवासी म्हणजे काय, हे तिला कोणी समजावले नव्हते. दारात आलेल्याला आधी पाणी आणि गूळ, मग चौकशी, हे तिचे आयुष्यभराचे वागणे त्या चित्रपटाला नेमके लागू पडले. म्हणूनच आजीला हे सिनेमे कळतील का, अशी शंका तुझ्या मनात असेल तर ती काढून टाक. यान कोणत्या इंधनावर चालते ते तिला कळणार नाही, पण ते तुझ्या बाबांनाही कळत नाही, आणि त्यावाचून काही अडत नाही.

‘ई.टी.’मधला एक भाग मात्र जड आहे. सरकारी माणसे पांढरे पोशाख घालून घरात शिरतात आणि तो प्राणी पांढराफटक पडतो, तिथे लहान मुले हमखास रडतात. मला तो भाग गाळावासा वाटत नाही, कारण रडून झाल्यावर सायकली आभाळात उडतात तेव्हाचा आनंद त्या रडण्यामुळेच मिळतो. फक्त धाकट्याला कोणाच्या तरी कुशीत बसव.

त्याच दिग्दर्शकाचा त्याआधीचा, १९७७ सालचा ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ तुला माहीत नसेल. त्यात शेकडो माणसे आभाळातून ऐकू आलेले पाच सुरांचे पद गात बसली आहेत, आणि हे सूर कुठून आले असे विचारताच सगळे हात एकदम वर जातात, असे एक दृश्य आहे. चित्रपटात ते उत्तर भारतातले ठिकाण म्हणून दाखवले असले, तरी त्याचे चित्रीकरण खालापूरजवळच्या हाळ या गावात झाले. आजच्या रायगड जिल्ह्यातले, म्हणजे आपल्याच कोकणातले ते गाव आहे. जगभर नावाजलेल्या विज्ञानपटात आभाळाकडे उठलेले ते हात इथल्या माणसांचे आहेत, याचा मला मनापासून अभिमान वाटतो, आणि तेवढे दृश्य तू सर्वांना जरूर दाखव.

पूर्ण चित्रपट मात्र मी चतुर्थीला लावणार नाही. त्याचा नायक आभाळातल्या दिव्यांनी इतका झपाटून जातो की शेवटी बायको-मुलांना मागे ठेवून यानात बसून निघून जातो. स्वतः स्पीलबर्ग यांनीही, मुले झाल्यानंतर, आपण आता तसा शेवट केला नसता असे सांगितले आहे. दूर मस्कतला बसून तो शेवट बघताना मला फार त्रास झाला. पोटासाठी घर सोडणे आणि कुतूहलासाठी मुले सोडणे यांत मोठा फरक आहे, आणि तो तुझ्याशी समोरासमोर बसून बोलायचा विषय आहे. घर माणसांनी भरलेले असताना, मी तिथे नसताना तुम्ही तो बघावा असे मला वाटत नाही.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर मला एका चित्रपटातच सापडले. पिक्सारचा २००८ सालचा ‘वॉल-ई’ बघ. कचऱ्याने भरलेली पृथ्वी सोडून माणसे एका प्रचंड यानात राहायला गेली आहेत, आणि मागे एकच छोटा यंत्रमानव शतकानुशतके कचऱ्याच्या विटा रचत राहिला आहे. सुरुवातीचा बराच मोठा भाग जवळजवळ संवादाविना आहे, त्यामुळे भाषेची अडचण नाही; आजीला कोणी शेजारी बसून अनुवाद करून सांगण्याची गरज पडणार नाही. त्या यानात प्रत्येक माणूस तरंगत्या खुर्चीत पडून स्वतःच्या डोळ्यांसमोरच्या पडद्यात बुडालेला असतो. दोन माणसे शेजारी शेजारी असूनही एकमेकांशी पडद्यातूनच बोलतात. मग एका बाईचा पडदा अपघाताने बंद पडतो आणि तिला पहिल्यांदाच आजूबाजूचे जग दिसते, बाहेरचे तारे दिसतात, थोड्या वेळाने शेजारचा माणूसही दिसतो. इथे मस्कतमध्ये आमच्या निवासात सुट्टीच्या शुक्रवारी चौघे जण एका खोलीत चार पडद्यांकडे बघत पडलेले असतात, आणि संध्याकाळपर्यंत कोणी कोणाशी बोललेले नसते. त्या दिवशी मला आजीचे माजघर फार आठवते. भावंडांना मोबाइल ठेवा असे तू सांगू नकोस, त्याने भांडण होईल. फक्त ‘वॉल-ई’ लाव.

ब्रॅड बर्ड यांचा १९९९ सालचा ‘द आयर्न जायंट’ मला याच्याही पुढे वाटतो, जरी तो प्रदर्शित झाला तेव्हा फारसा चालला नाही. गोष्ट १९५७ सालची, रशियाने स्पुटनिक सोडल्यानंतरच्या घबराटीच्या दिवसांतली. आभाळातून पडलेला लोखंडी राक्षस खरे म्हणजे शस्त्र म्हणून बनवलेला असतो, पण एका मुलाच्या संगतीत तो शस्त्र न होण्याचे ठरवतो. आपण ज्यासाठी घडवले गेलो त्याहून वेगळे होता येते, हा विचार इतक्या सोप्या रीतीने मुलांपुढे ठेवणारा दुसरा चित्रपट मी पाहिलेला नाही.

हिंदीतला ‘कोई मिल गया’ २००३ सालचा. त्यावर ‘ई.टी.’ची छाया आहे हे उघड दिसते, आणि गाणी मला जास्त वाटतात; तरीही भाषा सर्वांना कळते हा त्याचा मोठा गुण आहे, आणि त्यातला ‘जादू’ नावाचा परग्रहवासी उन्हातून शक्ती घेतो हे आपल्याकडच्या मुलांना विशेष पटेल. आषाढात दिवसच्या दिवस ऊन पडत नाही तेव्हा जादूचे काय झाले असते, याची चर्चा तुझा भाऊ रात्रभर करील. ‘मिस्टर इंडिया’ही (१९८७) सर्वांना आवडेल, अदृश्य माणूस लाल काचेतून दिसतो ही त्यातली युक्ती मुले विसरत नाहीत. मात्र त्यात एक लहान मुलगी बॉम्बस्फोटात मरते, तेव्हा धाकट्यांना आधी कल्पना दे. ‘बॅक टू द फ्यूचर’ (१९८५) फार हुशारीने रचलेला आहे, पण भूतकाळात गेलेल्या मुलाच्या प्रेमात त्याची स्वतःचीच तरुण आई पडते, हे आजी-काकांसमोर बसून बघताना सगळे अवघडतील. तो तू थोडी मोठी झाल्यावर बघू. ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) दिवसा लावला तर चालेल. रात्री जेवणानंतर लावलास तर धाकटा परसदारी एकटा जायचा नाही.

या यादीत मराठी चित्रपट नाही, हे तुझ्या लक्षात आले असेल. मला याची खंत आहे, कारण आपल्याकडे गोष्टींची उणीव कधीच नव्हती. १९७४ साली जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप हे टोपणनाव घेऊन मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले; खरा लेखक कोण हे नंतर कळले. त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आपल्या फडताळात आहे. लाईट गेली तर त्यातली एखादी कथा तू मोठ्याने वाचून दाखव. पावसात लाईट जाणारच, तेव्हा पुस्तक आधीच काढून ठेव.

गणपतीच्या पहिल्या रात्री काही लावू नकोस, आरत्या आणि भजन आटोपेपर्यंत सगळे दमलेले असतात. दुसऱ्या रात्री ‘वॉल-ई’ आणि नंतर कधीतरी, हिंदी आवाजातली प्रत मिळाली तर, ‘ई.टी.’ असा क्रम मला योग्य वाटतो. मधेच कोणी प्रश्न विचारला तर गप्प करू नकोस. चित्र थांबव, बोलणे होऊ दे, मग पुढे चालू कर. दशावतारातही लोक मधे बोलतात, खाजे खातात, आणि खेळ बिघडत नाही. आजीने काय काय विचारले ते मला सविस्तर लिहून पाठव. आणि ‘ई.टी.’ सुरू करण्याआधी धाकट्याला सांगून ठेव की तो शेवटी वाचतो.

तुझे,
बाबा