सेबन गेले, डीबोर आले: अलाबामाची टीम नेमकी किती घसरली?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या अलाबामा विद्यापीठाच्या टीमचे कोच निक सेबन निवृत्त झाले आणि नवे कोच केलन डीबोर यांच्या पहिल्याच सीझनमध्ये अलाबामा १२-२ (१२ विजय, २ पराभव) वरून ९-४ वर आली. याचा दोष नव्या कोचला द्यायचा का, आणि जुन्या-नव्या कोचची तुलना करायची तरी कशी?

माझं उत्तर आधीच सांगतो. टीम घसरली, पण जय-पराजयाच्या आकड्यांवरून वाटते तेवढी नाही. आणि जी घसरली ती बड्या टीमसमोर नाही, तर घराबाहेर, जिथे अलाबामाने सहज जिंकायला हवं होतं अशा मॅचमध्ये.

कॉलेज फुटबॉलमध्ये सीझनला जेमतेम १२ ते १६ मॅच होतात. दोन मॅच शेवटच्या मिनिटाला फिरल्या की ११-२ चे ९-४ होतात, म्हणून नुसत्या जय-पराजयावर भिस्त ठेवू नका. एक शीट उघडा आणि जुन्या कोचचा शेवटचा आणि नव्या कोचचा पहिला सीझन मॅचवार उतरवा. प्रतिस्पर्धी कोण, त्या दिवशी तो एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत पहिल्या पंचविसात होता का, मॅच कुठे झाली, आपले गुण, त्यांचे गुण, दोन्ही बाजूंचे टर्नओव्हर (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाणं), आणि बचावफळीने किंवा स्पेशल टीम्सने (किकच्या वेळी उतरणारे खेळाडू) थेट मिळवलेले वा गमावलेले गुण, एवढे रकाने पुरतात. बॉक्स स्कोअर (मॅचच्या आकडेवारीचे तक्ते) समोर असले तर फार तर तासाभराचं काम.

आता अलाबामाचे आकडे भरू. २०२३ मध्ये, म्हणजे सेबन यांच्या शेवटच्या सीझनला, १४ मॅचमध्ये टीमने ४७६ गुण केले आणि २६६ दिले. फरक २१०, मॅचमागे १५. डीबोर यांच्या २०२४ मध्ये १३ मॅचमध्ये ४३९ केले, २२६ दिले. फरक २१३, मॅचमागे १६.४. तीन विजय कमी झाले आणि गुणफरक मात्र वाढला!

पण एवढ्यावर डीबोर यांना प्रशस्तिपत्र देऊ नका. २०२४ च्या बेरजेत वेस्टर्न केंटकीवरचा ६३-० आणि मर्सरवरचा ५२-७ बसलेला आहे. अशा लुटुपुटुच्या मॅच दोन्ही बाजूंनी वगळायच्या. २०२३ मधून मिडल टेनेसी, साउथ फ्लोरिडा आणि चॅटनूगा काढा, २०२४ मधून वेस्टर्न केंटकी, साउथ फ्लोरिडा आणि मर्सर काढा. उरतं ते असं: २०२३ मध्ये ११ मॅचमध्ये ३३७-२४६, मॅचमागे ८.३ ची आघाडी. २०२४ मध्ये १० मॅचमध्ये २८२-२०३, मॅचमागे ७.९. जवळपास सारखंच. फक्त २०२३ च्या त्या अकरांत एसईसी या अलाबामाच्या लीगच्या फायनलमधली जॉर्जिया आणि पुढे राष्ट्रीय विजेती ठरलेली मिशिगन आहे, त्यामुळे माझ्या मते सेबन यांचे ८.३ थोडे जास्त वजनाचे आहेत.

मग तीन विजय गेले कुठे? अटीतटीच्या मॅचमध्ये. फरक ८ गुणांपर्यंत असेल तर ती मॅच एका पझेशनची (चेंडू एकदा हाती आला की फरक भरून निघेल अशी) धरतात, कारण टचडाउनचे ६ आणि त्यावरचे २ मिळून एका झटक्यात ८ निघतात. २०२३ मध्ये अशा पाच मॅच झाल्या: टेक्सस ए अँड एम, आर्कन्सॉ, ऑबर्न आणि जॉर्जिया जिंकल्या, मिशिगनशी ओव्हरटाइममध्ये हरले. म्हणजे ४-१. २०२४ मध्येही पाचच झाल्या. जॉर्जियाला ४१-३४ आणि साउथ कॅरोलायनाला २७-२५ हरवलं, पण व्हँडरबिल्टकडून ३५-४०, टेनेसीकडून १७-२४ आणि मिशिगनकडून १३-१९ असे पराभव. म्हणजे २-३.

२०२३ ची ऑबर्नची मॅच आठवून बघा. चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, चेंडू ३१ यार्डवर, घड्याळात मिनिटभरही शिल्लक नाही आणि अलाबामा मागे. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा खेळाडू) जेलन मिलरोने एंड झोनच्या, म्हणजे जिथे चेंडू पकडला की टचडाउन होतो त्या पट्ट्याच्या, डाव्या कोपऱ्यात चेंडू टाकला आणि आयझाया बाँडने तो पकडला. तो हातातून सुटला असता तर राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफचं दार तिथेच बंद झालं असतं आणि सेबन यांच्या शेवटच्या सीझनकडे लोकांनी वेगळ्याच नजरेने पाहिलं असतं. कोच तोच, टीम तीच, फक्त एक थ्रो.

अटीतटीच्या मॅच हा नुसता नशिबाचा भाग मानायचा का? इथे दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघायला हवीत. सेबन यांचा अलाबामातला पहिला सीझन, २००७, ७-६ असा गेला. त्यात घरच्या मैदानावर लुइझियाना-मन्रोकडून १४-२१ असा पराभवही होता. पण ते सहाही पराभव ७ किंवा त्याहून कमी गुणांचे होते. पुढच्या वर्षी नियमित सीझनमध्ये तीच टीम १२-० गेली.

दुसरीकडे नेब्रास्का. स्कॉट फ्रॉस्ट यांच्या हाताखाली २०२१ मध्ये ३-९, नऊही पराभव एक अंकी फरकाने, आणि सीझनची बेरीज ३३५-२७२, म्हणजे ६३ गुणांनी पुढे! आता नशीब फिरेल असं सगळे म्हणत होते, ते फिरलं नाही. २०२२ ची पहिलीच मॅच डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध. २८-१७ अशी आघाडी असताना त्यांनी ऑनसाइड किक (चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली छोटी किक) मारली, चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळाला आणि मॅच २८-३१ ने गेली. सप्टेंबरमध्येच फ्रॉस्ट यांना काढलं. एका पझेशनच्या मॅचमधला त्यांचा नेब्रास्कातला हिशेब ५-२२ होता.

यातून एक व्यवहारी कसोटी मिळते. अटीतटीचे पराभव दर वेळी वेगवेगळ्या कारणाने झाले असतील तर ते बहुधा सरासरीकडे परत येतात. एकाच खात्यातून गळती होत असेल तर तो कोचिंगचा दोष धरा. फ्रॉस्ट यांच्या टीमचं ते खातं स्पेशल टीम्सचं होतं. २०२१ मध्येच मिशिगन स्टेटविरुद्ध पंट (चेंडू सोडून देताना मारलेली लांब किक) रिटर्नवर टचडाउन देऊन मॅच ओव्हरटाइममध्ये घालवली, आयोवाविरुद्ध ब्लॉक झालेल्या पंटवर टचडाउन दिला. म्हणूनच गुण कुठल्या मार्गाने गेले याचा रकाना शीटमध्ये हवा.

डीबोर यांच्या २०२४ ला हीच कसोटी लावली की गळती सापडते: टर्नओव्हर. मिलरोने २०२३ मध्ये २,८३४ यार्ड फेकले, २०२४ मध्ये २,८४४. पण २३ टचडाउन आणि ६ इंटरसेप्शनच्या (प्रतिस्पर्ध्याने पकडलेल्या थ्रोच्या) जागी १६ आणि ११ झाले. ओक्लाहोमाकडून ३-२४ अशी हार झाली त्या मॅचमध्ये त्याचे तीन इंटरसेप्शन होते. टँपातल्या बोल मॅचमध्ये (नियमित सीझननंतरची मॅच) मिशिगनविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये तीन टर्नओव्हर झाले आणि बघता बघता ०-१६. फंबल झालेला, म्हणजे हातातून निसटलेला, चेंडू कोणाच्या हाती लागेल हे बरंचसं दैवावर असतं, इंटरसेप्शन तेवढं नसतं. क्वार्टरबॅक कुठे बघतो आणि त्याला कुठला थ्रो मारायला सांगितलंय, हे शिकवणाऱ्याच्या हातात असतं. इथे नव्या कोचिंग स्टाफकडे बोट दाखवणं रास्त आहे.

व्हँडरबिल्टची मॅच वेगळी काढून बघण्यासारखी आहे, कारण तिथे बचाव उघडा पडला. आदल्याच आठवड्यात दुसऱ्या क्रमांकाच्या जॉर्जियाविरुद्ध एकदा २८-० अशी आघाडी घेतलेली टीम, आता स्वतः पहिल्या क्रमांकावर. व्हँडरबिल्टने १८ पैकी १२ थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नात) हवे तेवढे यार्ड काढले आणि ६० पैकी ४२ मिनिटं चेंडू स्वतःकडे ठेवला. बाहेर बसलेला आक्रमक संघ गुण करू शकत नाही. १९८४ नंतर व्हँडरबिल्टने अलाबामाला पहिल्यांदा हरवलं ते असं.

आता शीटमधले क्रमांकाचा आणि मैदानाचा हे दोन रकाने बघा. २००७ मधल्या त्या मन्रोच्या पराभवानंतर, ऑक्टोबर २०२१ मध्ये टेक्सस ए अँड एमने ४१-३८ ने गाठेपर्यंत, सेबन यांच्या टीमने पंचविसाबाहेरच्या संघांविरुद्ध सलग १०० मॅच जिंकल्या. डीबोर यांचे पहिल्याच वर्षीचे चारपैकी तीन पराभव पंचविसाबाहेरच्या संघांकडून: व्हँडरबिल्ट, ओक्लाहोमा, मिशिगन. आणि २०२४ मध्ये घरच्या मैदानावर ७-०, बाहेर आणि तटस्थ मैदानावर २-४. अव्वल टीमला हरवायची कुवत होती, पण लहानसहान मॅचची जी जरब सेबन यांनी बसवली होती ती गेली. सगळ्यात मोठा फरक मला हाच वाटतो.

नव्या कोचच्या हातात काय पडलं तेही मोजा. सेबन यांनी १० जानेवारी २०२४ ला निवृत्ती जाहीर केली आणि तेव्हाच्या नियमाने खेळाडूंना ट्रान्सफर पोर्टलची, म्हणजे दुसऱ्या कॉलेजात जाण्याची, ३० दिवसांची मुभा मिळाली. सेफ्टी (बचावाच्या मागच्या फळीतला खेळाडू) केलेब डाउन्स, ज्याने पहिल्याच वर्षी १०७ टॅकल केले होते, ओहायो स्टेटला गेला. बाँड टेक्ससला गेला. वर त्या एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत, दहा खेळाडू गेले आणि त्यात टेरियन आर्नल्ड आणि कूल-एड मकिन्स्ट्री हे दोन्ही मुख्य कॉर्नरबॅक होते. बचावाची मागची फळी जवळजवळ नव्याने उभी करावी लागली.

पण पोर्टल दुधारी आहे. कर्ट सिग्नेटी यांनी २०२३ मध्ये ३-९ असलेली इंडियाना हातात घेतली, जेम्स मॅडिसनमधल्या आपल्या जुन्या टीममधून तेरा खेळाडू बरोबर आणले आणि २०२४ मध्ये ११-२ करून दाखवलं. पहिल्या वर्षाची सबब आता पूर्वीइतकी चालत नाही.

आकडे जमवताना काही ठिकाणी पाय घसरतो. सेबन यांचे अलाबामातले विजय कुठे २०६ तर कुठे २०१ दिसतील. कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने नियमभंगापायी २००७ मधले पाच विजय रद्द केले, मैदानावरचा आकडा २०६-२९ आहे. कोचची तुलना करताना मैदानावरचाच धरा. ‘प्लेऑफला पोचले का’ हा निकषही २०२३ आणि २०२४ मध्ये एक नाही, कारण तेव्हा चार संघ होते, नंतर बारा झाले. आणि कॉलेजच्या आकडेवारीत सॅकमध्ये (क्वार्टरबॅकला थ्रोआधीच पाडणं) गेलेले यार्ड धावण्याच्या यार्डमधून वजा होतात, एनएफएलमध्ये पासिंगमधून. अलाबामाने २०२३ मध्ये ४९ सॅक दिले होते, म्हणून त्या वर्षीचा धावण्याचा आकडा सॅक वेगळे काढल्याशिवाय वापरूच नका.

२०२५ मध्ये डीबोर यांची टीम ११-४ राहिली. सुरुवातच फ्लोरिडा स्टेटकडून १७-३१ अशी हार पत्करून झाली, पण पंचविसाबाहेरच्या संघाकडून झालेला तेवढा एकच पराभव. त्यानंतर जॉर्जियाला त्यांच्याच मैदानावर २४-२१ ने हरवलं आणि अटीतटीच्या मॅचमध्ये हिशेब पुन्हा ४-१ झाला. म्हणजे २०२४ ची गळती बरीचशी बुजली. दुखणं आता दुसरीकडे सरकलंय: एसईसीच्या फायनलमध्ये जॉर्जियाकडून ७-२८, आणि प्लेऑफमध्ये, रोझ बोलला, त्याच सिग्नेटींच्या इंडियानाकडून ३-३८. सेबन यांच्या काळातले मोठे पराभव बहुतेक शेवटच्या क्वार्टरपर्यंत झुंजून झालेले असायचे. हे दोन्ही लाइन ऑफ स्क्रिमेजवरच, म्हणजे दोन्ही फळ्या समोरासमोर भिडतात तिथेच, हरले. तेव्हा पुढच्या सीझनला तुलना करायला बसाल तेव्हा आधी धावण्याचे यार्ड, सॅक वेगळे काढून, आणि तेही फक्त पहिल्या पंचविसातल्या संघांविरुद्धचे मांडा.