वायनरीच्या सांडपाण्यानं विहिरीतलं नायट्रेट वाढेल का?

तुम्ही विचारलंय की तासगाव तालुक्यात तुमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला वायनरी होणार आहे, आणि तिच्या अहवालात ‘सांडपाण्यात नायट्रेट नगण्य, विहिरींना धोका नाही’ असं लिहिलंय. हे धरून चालायचं का?

नका धरू. सांगली जिल्ह्यात विहिरी-बोअरची पाहणी करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. अहवालातला आकडा खोटा नसेल, पण तो चुकीच्या गोष्टीचा आहे. वायनरीच्या ताज्या सांडपाण्यात नायट्रेट कमीच असतं. नत्र असतं ते यीस्टच्या साक्यात, रसाच्या अवशेषात आणि कामगारांच्या संडासाच्या पाण्यातल्या अमोनियात. जमिनीत गेल्यावर जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. म्हणून त्यांच्याकडे ‘एकूण नत्र’ किती ते मागा, आणि ते पाणी किती जमिनीवर सोडणार तेही.

जमिनीचा आकडा का लागतो ते हिशेबानं दाखवतो. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही त्यांचे घाला. वर्षाला १ लाख लिटर वाइन, लिटरमागे ४ लिटर सांडपाणी, म्हणजे ४ लाख लिटर. त्यात लिटरला ३० मिलिग्रॅम एकूण नत्र धरलं तर १२ किलो झालं. निम्मं पिकानं घेतलं, ६ किलो खाली गेलं. सांडपाण्याचं पाणी बहुतेक उडून जातं किंवा पीक पितं, नत्र मात्र मागं राहतं. ते विरघळणार पावसाच्या मुरलेल्या पाण्यात. ६०० मिमी पावसातले ७ टक्के मुरले तर एकरी साधारण १ लाख ७० हजार लिटर. एका एकरावर सोडलं तर मुरणाऱ्या पाण्यात लिटरला ३५ मिलिग्रॅम नत्र, म्हणजे दीडशेच्या वर नायट्रेट. तेच पाच एकरांवर पसरलं तर ३१. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली मर्यादा ४५ आहे. प्रयोगशाळेनं ‘नायट्रेट-नायट्रोजन’ (नायट्रेटमधलं फक्त नत्र) असा आकडा दिला तर त्याला ४.४३ नं गुणून मगच ४५ शी ताडून पाहा. इथं फसगत फार होते.

वायनरीची बाजूही सांगायला हवी. या पाण्यात साखर-अल्कोहोल भरपूर, त्यामुळे ओल्या, हवा न लागणाऱ्या जमिनीत बरंच नायट्रेट वायू होऊन निघून जातं. काळ्या रानात याचा भरवसा थोडाफार धरता येतो. तुमच्या माळाच्या मुरमात नाही, तिथं पाणी थांबतच नाही. खाली मांजऱ्या खडक (भोकाभोकांचा काळा दगड) भेगाळलेला असेल तर ते कुठल्या विहिरीत निघेल हे उतार बघून ठरत नाही. आजूबाजूच्या सगळ्या विहिरींची पाणीपातळी एकाच दिवशी, सगळीकडे एकच आधारपातळी धरून मोजावी लागते.

आणि खरी अडचण वेगळीच आहे. बागेला आपण खतातून या १२ किलोच्या कित्येक पट नत्र देतो. तुमच्या विहिरीत आजच ४५ च्या वर नायट्रेट असू शकतं. वायनरी सुरू झाल्यावर पाणी तपासलंत तर दोष कुणाचा हे कुणीच सांगू शकणार नाही. एका गावात मी हे झालेलं पाहिलंय. आधीचा एकही नमुना नव्हता, लोकांची तक्रार तिथंच संपली. म्हणून बांधकामाआधी, वरच्या एका आणि खालच्या दोन-तीन विहिरींचे नमुने मे महिन्यात घ्या, पुन्हा पहिल्या मोठ्या पावसानंतर घ्या. द्राक्षं गाळायचा हंगाम उन्हाळ्यात संपतो, वरच्या थरात साठलेलं पावसाबरोबर खाली उतरतं. मोटर थोडा वेळ चालवून मग बाटली भरा, बर्फात ठेवून दुसऱ्या दिवशीपर्यंत प्रयोगशाळेत पोचवा. नायट्रेटसोबत क्लोराइड, पोटॅशियम, लोह, मँगनीजही तपासून घ्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसमोर (पूर्वीचे ग्रामसेवक) पंचनामा करून बाटल्यांवर सह्या घ्या. चोथ्याचा ढीग कुठं लावणार, तेही प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी विचारा. उघड्यावरच्या ढिगातून पावसात गळणारं पाणी हिशेबात धरलेलं नसतं.

घरात चार महिन्यांचं बाळ आहे असं तुम्ही लिहिलंय. निकाल येईपर्यंत त्याच्या दुधाला विहिरीचं पाणी वापरू नका. उकळल्यानं नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते वाढतं.