मुलगा रात्री फोनवर टाइप करून 'क्वेस्ट' खेळतो, त्यात नेमकं काय खेळतात?

तुमचा प्रश्न असा आहे की मुलगा दहावीत आहे, जेवण झालं की फोनवर काहीतरी लांबलचक टाइप करत बसतो, हाक मारली तर "आई थांब ना, माझी टर्न आहे, सगळे गुहेत अडकलेत" म्हणतो, आणि तुम्ही डोकावून बघितलं तर ना चित्र ना आवाज, नुसता मजकूर. मग यात खेळ कुठाय, आणि काळजी करायची का.

खेळ आहे हो. क्वेस्ट म्हणजे मोहीम, सगळ्यांनी मिळून लिहीत लिहीत पुढे न्यायची एक गोष्ट. मी २०१० पासून खेळतेय. डोंबिवली ते दादर, लेडीज डब्यात एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हाताने टाइप करायचं, तेव्हा फोनवर देवनागरी धड यायची नाही म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि फास्ट गाडी तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जायची, नेटवर्क गुल, त्यामुळे बोगद्याच्या आत शिरायच्या आधी पोस्ट गेली पाहिजे ही एक वेगळीच क्वेस्ट. सुरुवात ऑर्कुट नावाच्या सोशल साइटवरच्या एका ग्रुपात झाली, २०१४ मध्ये ऑर्कुटच बंद पडलं, मग इकडेतिकडे भटकून आता डिस्कॉर्डवर, म्हणजे ग्रुपात गप्पा मारायच्या एका ॲपवर. मधे माझं लग्न झालं, दोन नोकऱ्या बदलल्या, मुलगी झाली, ग्रुपातले अर्धे लोक अजून तेच आहेत आणि त्यातल्या दोघांना मी आजवर प्रत्यक्ष भेटलेली नाही.

तर काय करतात. चार-पाच जण, प्रत्येकाचं एक कॅरेक्टर, आणि एक जीएम म्हणजे गेम मास्टर, जो बाकी सगळं सांभाळतो, पाऊस, चोर, वाघ, वाटेतला म्हातारा, सगळं. जीएम प्रसंग लिहितो आणि थांबतो. मग एकेकाने आपलं माणूस काय करतं तेवढंच लिहायचं. माझं आजोळ मालवणकडचं, तिथे दशावतारात गोष्ट ठरलेली असते पण संवाद लिहिलेले नसतात, रंगमंचावर आलं की ज्याचं त्याने बोलायचं आणि समोरच्याने ते उचलायचं. हे तसंच, फक्त दोन वाक्यांच्या मधे कधी दोन मिनिटं जातात आणि कधी दोन दिवस.

कुलूप उघडलं की नाही, उडी पोचली की नाही अशा वेळी फासा टाकतात. वीस बाजूंचा असतो तो, म्हणजे प्रत्येक आकड्याला पाच टक्के. हा सगळा प्रकार डंजन्स अँड ड्रॅगन्समधून आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा १९७४ चा खेळ, तो टेबलाभोवती बसून खेळायचा. आता बॉट असतो, म्हणजे ग्रुपातला एक छोटा प्रोग्राम, कमांड दिली की आकडा सांगतो. आमच्याकडे कोणी रोल म्हणत नाही, 'दान काय पडलं' असंच विचारतात, सारीपाटासारखं.

आणि हे आजच्या पोरांचं खूळ नाहीये. १९७८ मध्ये इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी मड नावाचा गेम केला, अनेक लोक एकाच वेळी एकाच दुनियेत, सगळी दुनिया मजकुराची, उत्तरेला जायचं तर तसं टाइप करायचं. (मराठीत 'उत्तर' टाइप केलं असतं तर बिचाऱ्या कॉम्प्युटरला कळलं नसतं की हा दिशा सांगतोय की जवाब देतोय.) पुढे १९९६ मध्ये याच बार्टलने एक लेख लिहिला, त्यात खेळणाऱ्यांचे चार प्रकार केले आणि त्यांना पत्त्यांचे रंग दिले. चौकट म्हणजे ज्यांना काहीतरी मिळवायचंय, पॉइंट, खजिना. इस्पिक म्हणजे खोदणारे, या दारामागे काय आहे, त्या विहिरीत काय आहे. बदाम म्हणजे गप्पा आणि माणसं हवी असलेले. किलवर म्हणजे दुसऱ्याला त्रास देण्यात ज्यांना मजा येते ते. मी कट्टर इस्पिक. तुमच्या मुलाला विचारा त्याचा रंग कोणता, खरं सांगेल की नाही माहीत नाही पण गप्पा सुरू होतील.

आता मजा कशात आहे ते. मला स्वतःला हे कळायला तीनेक वर्षं गेली. पहिल्या क्वेस्टमध्ये मी झकास लिहिलं होतं, वादळ, कडा, माझी बाई तलवार उपसून पुढे, आणि शेवटी टाकलं 'सगळे तिच्या मागे धावले'. लगेच एकीचा मेसेज, "माझ्या माणसाला तू का पळवलंस? तो लंगडा आहे." याला गॉडमोडिंग म्हणतात, दुसऱ्याचं कॅरेक्टर आपण हलवायचं नाही, हा पहिला नियम. तेव्हा राग आला होता, एवढं छान लिहिलं आणि ही लंगड्यावरून भांडतेय. पण मुद्दा तोच होता. आपण कितीही भारी लिहिलं तरी त्यात पुढच्याला करायला काही उरलं नसेल तर ती पोस्ट वाया. पुढच्याच्या हातात काहीतरी ठेवून थांबायचं. एवढाच खेळ आहे खरं तर, आणि वाटतो त्यापेक्षा फार अवघड आहे, कारण आपल्याला सगळ्यांनाच हिरो व्हायचं असतं.

एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी मी कान्हेरीची क्वेस्ट चालवली होती, मीच जीएम. कान्हेरी म्हणजे आपली बोरिवलीची, नॅशनल पार्कातली, शंभरावर लेणी आहेत तिथे, लोक तीन नंबरच्या लेण्यातल्या उंच बुद्धांसमोर फोटो काढतात आणि खाली येतात, पण तिथली खरी कमाल आहे पाण्याची व्यवस्था, जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी खडकात खोदलेलं टाकं, शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हणतात. आणि त्याच लेखांत सोपारा, कल्याण इथल्या लोकांनी दिलेल्या दानाच्या नोंदी. मी तेवढंच उचललं. सातवाहन काळ, सोपाऱ्याच्या एका व्यापाऱ्याने दानाची थैली दिलीय, पाऊस कोसळायच्या आत डोंगरावर पोचवायची, मागे चोर. मी दोन रविवार प्रत्यक्ष जाऊन पायऱ्या मोजून आले होते, नवऱ्याला वाटलं आता हिला योगाचं खूळ लागलं.

पाचजण एका लेण्यात लपलेत, खालून मशाली वर येतायत. मी मारामारीची तयारी करून बसलेले, चोर किती, कुणाकडे काय, सगळं वहीत. तिघांनी तलवारीचे मोठमोठे परिच्छेद टाकले, एकाने तर आपल्या आजोबांनी तलवार कशी दिली ते लिहिलं, त्या वेळी, मशाली येत असताना. आणि मग एक मेंबर, जी आठवड्यातून एकदा पोस्ट टाकायची, नर्स आहे ती, नाईट ड्युटीच्या मधल्या वेळात खेळायची, तिने एक ओळ टाकली, "मी फुंकर मारून दिवा विझवला."

बस. माझी वही गेली बाराच्या भावात. कारण आता कोणाला काहीच दिसत नाही, म्हणजे पुढे प्रत्येकाला न बघता लिहायचंय, टाक्यात टपटपणारं पाणी, ओल्या घोंगडीचा वास, कुणाचा तरी खांदा लागला तो आपला की चोराचा. मलाही जीएम म्हणून काही 'दाखवता' येईना. तो अंधार अकरा दिवस चालला. त्यात एकही तलवार उपसली गेली नाही आणि आमच्या ग्रुपात आजही लोक त्याच प्रसंगाचं नाव काढतात, आजोबांच्या तलवारीचं कोणी काढत नाही.

त्याच बाईची अजून एक गंमत, ही मराठीतच होऊ शकते म्हणून सांगते. इंग्रजी ग्रुपात बहुतेक नाव घेऊन लिहितात, आमच्यात 'मी' करून लिहायचं. आता मराठीत 'मी गेलो' म्हटलं की पुरुष, 'मी गेले' म्हटलं की बाई, क्रियापदच चुगली करतं. तिचं कॅरेक्टर होतं सोपाऱ्याहून थैली घेऊन आलेलं एक पोरगं, आणि 'पोरगं' तर नपुंसकलिंगी, त्यामुळे बाकीचे 'ते पोरगं आलं, ते बसलं' करत होते. आणि ही स्वतः महिनाभर फक्त अशी वाक्यं लिहीत होती की 'मी काठी उचलली', 'मी दार ढकललं', 'मला झोप आली नाही', 'मी दिवा विझवला'. बघा कुठेच कळत नाही, क्रियापद काठीच्या, दाराच्या, दिव्याच्या मागे जातं. आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही, सगळे मुलगा समजून चाललेले. अंधार संपला, चोर निघून गेले, पहाटेच्या प्रसंगात तिची पोस्ट आली, दोन शब्द, "मी घाबरले."

ओओसीमध्ये, म्हणजे कॅरेक्टर बाजूला ठेवून आपण आपलं बोलतो त्या चॅनेलमध्ये, त्या रात्री दीड वाजेपर्यंत गोंधळ. एकजण मागच्या सगळ्या पोस्ट वर जाऊन वाचून आला, कुठे चुकलीय का शोधायला. नव्हती चुकली. शाळेत व्याकरणातले प्रयोग शिकताना कर्मणी कर्तरी करून घोकलं होतं सगळ्यांनी, त्याचा असा उपयोग कोणी केला नव्हता. तसंच 'तुम्ही'चं. दोन कॅरेक्टर पंधरा दिवस एकमेकांना तुम्ही-तुम्ही करतात आणि एका पोस्टमध्ये कोणीतरी 'तू' म्हणतं, ती केवढी मोठी घटना असते हे इंग्रजीत खेळणाऱ्यांना समजावून सांगता येत नाही. म्हणून तुमचा मुलगा मिक्स भाषेत खेळत असेल तर त्याला म्हणावं थोडं मराठीत खेळून बघ, चिडेल आधी.

आता काळजीचं. मी सोवळेपणा करणार नाही, काही गोष्टी बघायलाच हव्यात. डिस्कॉर्डला किमान वय १३ आहे म्हणजे तो बसतो त्यात, पण ग्रुप कोणता ते महत्त्वाचं, १८ वर्षांवरचे ग्रुप वेगळे असतात आणि पोरं वय खोटं सांगून तिथे शिरतात. चांगल्या ग्रुपात नियम वर चिकटवलेले असतात, मॉडरेटर म्हणजे लक्ष ठेवणारे असतात, आणि क्वेस्ट सगळ्यांसमोरच्या चॅनेलवर चालते. एखादा मोठा माणूस 'आपण दोघंच खासगीत खेळू' म्हणत असेल, शाळा कुठली, राहतोस कुठे विचारत असेल, फोटो मागत असेल तर तो खेळ नाही, तिथून सरळ बाहेर. आणि एक नवीन गोष्ट, २०१९ मध्ये एआय डंजन आलं तेव्हापासून एआयसोबत एकट्यानेही क्वेस्ट खेळता येते. वाईट नाही ते, मीही खेळून बघितलं, पण मला दोन दिवसांत कंटाळा आला, ते आपण म्हणू त्याला हो म्हणतं, 'माझा माणूस लंगडा आहे' म्हणून भांडत नाही. तुमचा मुलगा 'सगळे अडकलेत' म्हणतो म्हणजे समोर माणसं आहेत, मला तरी ते बरं वाटलं.

राहिला अभ्यास. इथे बहुतेक आयांची चूक होते, माझ्या आईचीही झाली होती, फोन काढून घेतात. फोन काढून घेतला की चार पोरं गुहेत अडकून राहतात, ती रोज विचारतात कुठे गेला, आणि हा घरात धुमसतो. क्वेस्टी राक्षसामुळे मरत नाहीत, एकजण न सांगता गायब झाला की मरतात. त्यापेक्षा त्यालाच सांगा की ग्रुपात लिही, बोर्ड आहे, मार्च संपेपर्यंत नाही. कुठल्याही बऱ्या ग्रुपात याची सोय असते. आमच्याकडे त्याला 'ताप येणे' म्हणतात, जीएम त्या कॅरेक्टरला ताप आणतो, वाटेतल्या एखाद्या घरी किंवा देवळात निजवतो, बाकीचे पुढे जातात, कोणी रागावत नाही. मी बाळंतपणात सात महिने तापाने पडून होते. तुमच्या मुलालाही येऊ दे ताप, आणि त्याला कुठे निजवलंय ते त्याला विचारा, तेवढं सांगायला त्याला आवडेल.

आमच्यातला एकजण सीए करत होता. कान्हेरीच्याच क्वेस्टमध्ये त्याच्या म्हाताऱ्या वाटाड्याला ताप आला, एका पोढीशेजारी निजवला, आणि सीए फायनलच्या परीक्षेचे पेपर काही सुटेनात, दोन वर्षं गेली. आम्ही ती क्वेस्ट संपवून दुसरी सुरू केली, तीही संपत आली. मग एका रात्री त्या जुन्या, बंद पडलेल्या चॅनेलवर त्याची पोस्ट आली, एकच शब्द, "पाणी." पाच मिनिटांत तिघांनी भांडं पुढे केलं होतं.