व्हाइट हाऊसच्या स्टेट डिनरमध्ये, म्हणजे परदेशी नेत्याच्या सन्मानार्थ दिलेल्या सरकारी मेजवानीत, जेवायला काय असतं, वाइन कुठली देतात आणि पाहुणे कोण असतात?

थोडक्यात सांगायचं तर जेवण पाहुण्याचं पथ्यपाणी बघून ठरतं, वाइन अमेरिकेचीच असते आणि पाहुण्यांच्या यादीत दोन देशांचे संबंध दिसतात. ही मेनूकार्डं वाचायला मला मनापासून आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

22 जून 2023 ची नरेंद्र मोदींसाठीची मेजवानी घ्या. मोदी शाकाहारी, म्हणून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांच्या पत्नी जिल बायडेन यांनी शाकाहारी पदार्थांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या शेफ नीना कर्टिस यांना बोलावलं. व्हाइट हाऊसच्या मुख्य शेफ क्रिस्टेटा कमरफोर्ड त्यांच्या जोडीला होत्याच. आधी भरडधान्य आणि भाजलेल्या मक्याच्या दाण्यांचं सॅलड, सोबत कलिंगड. मग भरलेले पोर्टोबेलो मशरूम आणि केशर घातलेला रिसोटो, म्हणजे इटालियन पद्धतीचा मऊसर भात. गोडाला गुलाब-वेलदोड्याच्या स्वादाचा स्ट्रॉबेरी शॉर्टकेक. मासा हवा असेल त्याने सांगायचं, मग सी बास मिळणार. भरडधान्य उगाच आलं नव्हतं. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. मला यातलं सगळ्यात आवडलं ते हे, की त्यांनी भारतीय जेवणाची नक्कल केली नाही. स्वतःचेच पदार्थ केले आणि त्यात केशर, वेलदोडा घालून पाहुण्याचा मान राखला. पाहुणचार असाच असावा.

अमेरिकी वाइनचा दंडक लिंडन जॉन्सन यांच्या काळापासूनचा. त्या रात्री व्हर्जिनियाची शार्डने होती, कॅलिफोर्नियाची स्पार्कलिंग रोझे होती आणि नापा व्हॅलीची ‘पटेल’ नावाची 2019 ची रेड ब्लेंड होती. या शेवटच्या वाइनरीचे मालक भारतीय वंशाचे, त्यामुळे निवड विचारपूर्वक केली होती हे उघड आहे. खुद्द बायडेन आणि मोदी दोघेही मद्य घेत नाहीत. पेल्यात दारू नसेल तर टोस्ट (पेला उंचावून शुभेच्छा देणं) डाव्या हाताने करावा, असं आपले आजोबा सांगायचे, हे बायडेन यांनी तिथे सांगितलं आणि मोदींसह सगळे खळखळून हसले.

पाहुणे जवळपास 400. व्हाइट हाऊसच्या स्टेट डायनिंग रूममध्ये 140 च्या आसपासच माणसं बसतात, म्हणून दक्षिणेकडच्या हिरवळीवर मोठा मांडव घातला होता. मंत्री आणि खासदार असतातच, ते सोडून पुढची नावं बघा: गूगलचे सुंदर पिचाई, मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला, अॅपलचे टिम कुक, मुकेश आणि नीता अंबानी, आनंद महिंद्रा, पेप्सिकोच्या माजी प्रमुख इंद्रा नूयी, टेनिसपटू बिली जीन किंग, दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन. तंत्रज्ञान, गुंतवणूक आणि अमेरिकेत स्थिरावलेला भारतीय समाज, या भेटीचे तिन्ही विषय जेवायला बसले होते म्हणा ना! जेवणानंतर जोशुआ बेल यांचं व्हायोलिन आणि ‘पेन मसाला’ या विद्यार्थी गटाचं गाणं झालं.

आमंत्रण नसताना कोणी आत शिरू शकतं का? एकदा शिरलं होतं. नोव्हेंबर 2009 मध्ये मनमोहन सिंग यांच्या मेजवानीत यादीत नाव नसलेलं एक जोडपं थेट ओबामांशी हस्तांदोलन करण्यापर्यंत पोचलं. राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा सांभाळणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसला त्याबद्दल जाहीर माफी मागावी लागली, आणि त्यानंतर प्रवेशद्वारावर सुरक्षा रक्षकांच्या जोडीला आमंत्रणं पाठवणाऱ्या कार्यालयाची माणसंही यादी घेऊन उभी राहू लागली.